मुलाच्या नावाची बिअर, मुलाशीच वैर

मुंबई-पुण्याच्या बिअर बारमध्ये हिरव्या बाटलीवरचे ‘कार्ल्सबर्ग’ हे नाव आता कोणाला नवे राहिलेले नाही. हे नाव मुळात एका पाच वर्षांच्या मुलाचे आहे, हे मात्र ती बाटली मागवणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. कार्ल हा मुलगा आणि ‘बर्ग’ म्हणजे टेकडी. कोपनहेगन शहराबाहेरच्या टेकडीवर १८४७ मध्ये बिअरचा कारखाना उभारताना याकोब क्रिस्तियान याकोबसन यांनी त्याला आपल्या एकुलत्या एक मुलाचे नाव दिले. पुढे याच नावावरून बापलेकांत असे भांडण जुंपले की दोघांनी शेजारीशेजारी दोन कारखाने चालवले आणि मधल्या रस्त्याला दोन नावे दिली. आपले सर्वांत मौल्यवान ज्ञान साऱ्या युरोपातील प्रतिस्पर्ध्यांना मोफत वाटणाऱ्या या माणसाला पोटच्या पोराशी मात्र जुळवून घेता आले नाही. बिअरच्या इतिहासात याकोबसन यांचे स्थान फार मोठे आहे आणि त्यांच्या आयुष्यातील ही विसंगतीही तेवढीच मोठी आहे.

याकोबसन यांचा जन्म २ सप्टेंबर १८११ रोजी कोपनहेगन येथे झाला. वडील क्रिस्तेन हे जटलंड प्रांतातील शेतकरी कुटुंबातून नशीब काढण्यासाठी राजधानीत आलेले. तेथे राजाच्या मद्यशाळेत काम करून ते धंदा शिकले आणि पुढे स्वतःची बिअर गाळू लागले. त्या काळी बिअर करणे हा अंदाजाचा मामला होता. पाणी किती तापले हे हात बुडवून पाहिले जाई. क्रिस्तेन मात्र थर्मामीटर वापरत. त्या काळच्या डॅनिश व्यवसायात ती नवलाची गोष्ट होती. मुलगा हे सारे पाहतच मोठा झाला. विद्यापीठाची पदवी त्याच्या नशिबात नव्हती; पण विजेचा आणि चुंबकत्वाचा संबंध उलगडणारे शास्त्रज्ञ हान्स क्रिस्तियान ओर्स्टेड सामान्य नागरिकांसाठी व्याख्याने देत, ती त्याने मन लावून ऐकली. कारागिराच्या अनुभवाला विज्ञानाची जोड मिळाली पाहिजे, हा विचार तेथेच मनात रुजला आणि तो आयुष्यभर टिकला.

वडिलांचे १८३५ मध्ये निधन झाले आणि धंद्याची सूत्रे तरुण याकोबसन यांच्याकडे आली. त्या वेळी डेन्मार्कमध्ये जी बिअर घरोघरी प्यायली जाई ती इंग्लंडच्या ‘एल’च्या जातकुळीतील होती. सातूला मोड आणून, तो वाळवून माल्ट करायचे, गरम पाण्यात त्याचा गोड अर्क उतरवायचा, त्यात हॉप्सची कडसर फुले उकळायची आणि मग यीस्ट मिसळून द्रव आंबवायचा, ही कृती बहुतेक सर्व बिअरची सारखीच. फरक पडतो तो यीस्टने. एलचे यीस्ट उबदार हवेत काम करते, फेसाबरोबर वर येते आणि थोड्या दिवसांत बिअर तयार करते. अशा बिअरला फळांसारखा गंध आणि भरीव चव असते. पण उबदार हवेत इतर जीवजंतूही फोफावतात. त्यामुळे तेव्हाची बिअर एका खेपेला उत्तम, तर दुसऱ्या खेपेला आंबट निघे. गिऱ्हाईकही हा लहरीपणा गृहीत धरून चाले.

दक्षिण जर्मनीतील बव्हेरियात याहून निराळी पद्धत होती. तेथील यीस्ट थंडीत काम करी आणि तळाशी बसे. आंबवण संतपणे चाले आणि नंतर बिअर कित्येक महिने बर्फाने गार ठेवलेल्या तळघरात मुरत पडे. साठवणीच्या जर्मन शब्दावरूनच तिला ‘लागर’ हे नाव पडले. ही बिअर चवीला स्वच्छ आणि टिकायला भरवशाची होती. ती चाखल्यावर याकोबसन यांना आपल्या शहरातील बिअर रुचेना. त्यांनी बव्हेरियन पद्धतीचे पहिले प्रयोग आईच्या कपडे उकळण्याच्या तांब्याच्या हंड्यात केले, असे सांगतात. योग्य यीस्टवाचून हे जमणार नाही, हे लवकरच त्यांच्या लक्षात आले.

त्या यीस्टसाठी ते १८४५ मध्ये म्युनिकला गेले. तेथील ‘श्पाटेन’ या प्रसिद्ध मद्यशाळेचे गाब्रिएल झेडलमायर हे लागरचे मोठे जाणकार होते. हे झेडलमायर स्वतःही एकेकाळी विद्यार्थी बनून हिंडलेले. आपला व्हिएन्नाचा मित्र आंतोन ड्रेहर याच्यासह त्यांनी १८३३ मध्ये इंग्लंड-स्कॉटलंडच्या मद्यशाळा पालथ्या घातल्या होत्या. यजमानांची नजर चुकवून आंबणाऱ्या द्रवाचे नमुने घेण्यासाठी पोकळ काठी वापरल्याची त्यांची कथा प्रसिद्ध आहे. ज्ञान मिळवायचे तर चोरूनच, अशी तेव्हाच्या धंद्याची रीत होती. झेडलमायर यांच्याकडून याकोबसन यांना मात्र यीस्ट सरळ मिळाले. ते दोन भांड्यांत भरून त्यांनी घोडागाडीने परतीचा प्रवास सुरू केला. अंतर सुमारे एक हजार किलोमीटर. यीस्ट तापले तर मरणार, म्हणून वाटेत गाडी थांबेल तेथे उतरून ते भांड्यांवर गार पाणी ओतत. उन्हापासून जपण्यासाठी त्यांनी ती भांडी आपल्या उंच टोपीखाली ठेवली होती, अशीही आख्यायिका आहे.

यीस्ट जगले. आता प्रश्न गारव्याचा होता. शहराच्या तटबंदीखालच्या तळघरांत बिअर मुरवण्याची परवानगी याकोबसन यांनी मिळवली. ही गडद तपकिरी बिअर कोपनहेगनकरांना आवडली, तशी दाटीवाटीच्या शहरातील जुनी जागा अपुरी पडू लागली. आईच्या निधनानंतर वारशाची रक्कम हाती आली होती. तटाबाहेर वाल्बी येथे टेकडी होती, चांगले पाणी होते आणि कोपनहेगनहून रोस्किल्डला जाणारी नवी रेल्वे जवळूनच जात होती. तेथे १० नोव्हेंबर १८४७ रोजी पहिली बिअर शिजली. मुलगा कार्ल तेव्हा पाच वर्षांचा होता.

पुढची वीस वर्षे भरभराटीची गेली. १८६७ मध्ये कारखान्याला मोठी आग लागली, तरी याकोबसन यांनी तो लगेच पुन्हा उभारला. पुढच्याच वर्षी कार्ल्सबर्गची पहिली पिंपे स्कॉटलंडला रवाना झाली. एलच्या देशात लागर जाऊन पोहोचली. याकोबसन संसदेत निवडून गेले, श्रीमंत झाले. पण धंद्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली नाही. मागणी वाढली म्हणून बिअर तळघरातून लवकर काढणे त्यांना पाप वाटे. १८५९ मध्ये आगीत भस्मसात झालेला फ्रेडरिक्सबोर्ग हा राजवाडा पुन्हा उभा राहावा यासाठी त्यांनी मोठा पैसा दिला आणि १८७८ मध्ये तेथे राष्ट्रीय इतिहासाचे संग्रहालय स्थापन झाले.

त्यांची खरी कामगिरी मात्र १८७५ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी त्यांनी कारखान्यालगत एक प्रयोगशाळा काढली आणि पुढच्याच वर्षी तिचा भार वाहण्यासाठी ‘कार्ल्सबर्ग फाउंडेशन’ स्थापन केले. या फाउंडेशनची सूत्रे डेन्मार्कच्या विज्ञान अकादमीने निवडलेल्या विद्वानांच्या हाती सोपवण्यात आली. प्रयोगशाळेच्या नियमांत एक अट होती. तेथे लागलेला महत्त्वाचा कोणताही शोध गुप्त ठेवता येणार नव्हता. कारखानदाराने स्वतःच्या पैशाने संशोधन करायचे आणि ते जगजाहीर करायचे, ही कल्पना त्या काळी अजबच होती.

या अटीची कसोटी १८८३ मध्ये लागली. कार्ल्सबर्गची बिअर बिघडली. तिला कडवट चव आणि नकोसा वास येऊ लागला. प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सन हे संशोधक होते. गरिबीत वाढलेले, एकेकाळी घरांना रंग देण्याचे काम केलेले हे गृहस्थ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. बिअर बिघडते ती जिवाणूंमुळे, असे थोर फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी सांगितले होते आणि याकोबसन यांची पाश्चरांवर भक्ती होती. हान्सन यांना मात्र आढळले की दोष खुद्द यीस्टमध्येच आहे. कारखान्यात ज्याला एकच यीस्ट समजले जाई, त्यात अनेक जाती मिसळल्या होत्या आणि त्यांपैकी काही रानटी जाती चव नासवत होत्या. हान्सन यांनी चांगल्या यीस्टची एकच पेशी वेगळी काढली आणि तिच्यापासून शुद्ध वाण वाढवले. याकोबसन यांचा आधी विश्वास बसेना. पण पुरावा पाहिल्यावर त्यांनी हट्ट सोडला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शुद्ध यीस्टवर कारखान्याची बिअर केली. ती उत्तम उतरली.

आता याकोबसन यांच्या हाती असे काही होते, जे युरोपातील एकाही कारखानदाराकडे नव्हते. ते कुलपात ठेवले असते तर स्पर्धाच संपली असती. त्यांनी यीस्ट वाटून टाकले. कृती प्रसिद्ध झाली आणि मागणाऱ्या मद्यनिर्मात्यांना वाणही मिळाले. म्युनिकहून दोन भांड्यांत आलेले ऋण अशा रीतीने फेडले गेले. आज जगात प्यायल्या जाणाऱ्या बिअरमध्ये सर्वाधिक वाटा लागरचा आहे आणि तिच्या भरवशाच्या चवीचे श्रेय बव्हंशी या शोधाला जाते. याच प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये नायट्रोजन मोजण्याची पद्धत शोधली आणि सोरेन सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये आम्लता मोजणारे ‘पीएच’ परिमाण मांडले. दोन्ही आज शाळा-महाविद्यालयांच्या पुस्तकांत आहेत.

घरात मात्र वेगळेच नाट्य घडत होते. वडिलांनी कार्लला धंदा शिकण्यासाठी परदेशी पाठवले होते. फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया करीत तो ब्रिटनमध्ये पोहोचला आणि एडिंबरा व बर्टन येथील मद्यशाळांत त्याने एल आणि पोर्टर करण्याची विद्या घेतली. तो परतल्यावर वडिलांनी त्याच्यासाठी आवारातच दुसरा कारखाना बांधला आणि १८७१ मध्ये तो त्याला भाड्याने दिला. तेथे इंग्रजी धाटणीची एल आणि काळी, भाजक्या चवीची पोर्टर करायची, असा बेत होता. पण ज्या शहराला बापाने लागरची गोडी लावली होती, त्याला मुलाची एल रुचली नाही. कार्लही मग लागरकडे वळला. तो बिअर मुरवण्याचा काळ कमी ठेवी, भराभर विके आणि पाहता पाहता त्याची विक्री वडिलांच्या बरोबरीला आली.

वडिलांच्या लेखी ही तडजोड होती. मुलाच्या लेखी ही काळाची गरज होती. उत्पादनाला मर्यादा घालण्याची वडिलांची सूचना कार्लने मानली नाही, तेव्हा वडिलांनी त्याला जागा सोडण्याची नोटीस दिली. कार्लने लगतच्या जमिनीवर स्वतःचा कारखाना थाटला आणि त्याला कार्ल्सबर्गचेच नाव दिले. वडिलांनी आक्षेप घेतला. ज्याचे नाव त्यालाच ते वापरण्याची बंदी, असा हा विचित्र तंटा होता. अखेर वडिलांचा तो ‘जुना कार्ल्सबर्ग’ आणि मुलाचा तो ‘नवा कार्ल्सबर्ग’ अशी वाटणी झाली. मधल्या रस्त्याला कार्लने ‘अलायन्स’ म्हणजे सख्याचे नाव दिले, तर वडिलांनी पाश्चर यांचे. दोघांनी आपापल्या पाट्या लावल्या आणि त्या एकमेकांहून मोठ्या केल्या. शहराला करमणूक झाली. घराचे मात्र वासे फिरले. १८८२ मध्ये वडिलांनी नवे मृत्युपत्र केले आणि जुना कारखाना मुलाऐवजी फाउंडेशनच्या नावे लिहून ठेवला. तात्कालिक नफ्याची पर्वा न करता बिअर जास्तीत जास्त निर्दोष करावी आणि इतरांपुढे आदर्श ठेवावा, अशी आज्ञाही त्यांनी त्यात घातली.

१८८६ मध्ये अखेर बापलेकांचा समेट झाला. पंचाहत्तरी गाठलेले याकोबसन पुढच्या वर्षी इटलीला गेले, तेव्हा कार्लचे कुटुंबही तेथे होते. रोममध्ये त्यांना आजाराने गाठले आणि ३० एप्रिल १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. अखेरच्या क्षणी मुलगा जवळ होता. मृत्युपत्र मात्र बदलले नव्हते.

कार्लने पुढे जे केले ते त्या मृत्युपत्राला दिलेले उत्तरच म्हणावे लागेल. आपल्या कारखान्याच्या भरभराटीतून त्याने कोपनहेगनला ग्लिप्टोटेक हे कलासंग्रहालय दिले आणि बंदरातील खडकावर बसलेली जलपरीही १९१३ मध्ये त्यानेच शहराला भेट दिली. १९०२ मध्ये त्याने आपला कारखानाही वडिलांच्याच फाउंडेशनच्या स्वाधीन केला. १९०६ मध्ये दोन्ही कारखाने एक झाले आणि एकत्रित व्यवसायाचा प्रमुख कार्लच झाला. वडिलांचे राहते घर विद्वानांच्या निवासासाठी राखून ठेवण्यात आले होते; १९३२ पासून अणुशास्त्रज्ञ नील्स बोर तेथे राहिले.

वाल्बीच्या टेकडीवरील मोठे बिअर उत्पादन २००८ मध्ये थांबले आणि त्या जागी आता शहराचा नवा भाग वसला आहे. कंपनीवरील फाउंडेशनचे नियंत्रण मात्र कायम आहे. जुन्या तळघरात सापडलेल्या १८८३ च्या सुमाराच्या एका बाटलीत यीस्टच्या जिवंत पेशी निघाल्या आणि त्यांच्यापासून २०१६ मध्ये त्या काळची बिअर पुन्हा करून पाहण्यात आली. लागरचे यीस्ट हे एलचे यीस्ट आणि थंडीत तगणारी एक रानटी जात यांच्या संकरातून जन्मले, हेही २०११ मध्ये पॅटागोनियात त्या रानटी जातीचा शोध लागल्यावर स्पष्ट झाले.

वाल्बी येथे कार्लने एक चर्च बांधले. त्याच्या तळघरात याकोबसन आणि त्यांच्या पत्नी लॉरा यांची दफनस्थाने आहेत. १९१४ मध्ये कार्ल गेला, तेव्हा त्यालाही तेथेच, वडिलांच्या शेजारी चिरविश्रांती मिळाली.