पाहुणचाराची खरी किंमत
(राजर्षी शाहू महाराजांच्या जीवनातून)



लग्नसराई जवळ आली की आपल्या घरोघरी एकच हिशेब सुरू होतो. वलीम्याला माणसे किती, बिर्याणीच्या डेगा किती, गोड काय ठेवायचे, मंडप कोणत्या प्रतीचा. बेरीज उत्पन्नाच्या पलीकडे गेली की कोणी व्याजाने कर्ज काढतो, तर कोणी लोकांना घरी बोलावणेच सोडून देतो. आमच्या मशिदीत नमाजला येणाऱ्या एका तरुण रिक्षाचालकाने पहिला मार्ग धरला. त्याच्या वलीम्यात काय वाढले होते हे आज कोणाला आठवत नाही. कर्जाचा हप्ता मात्र दरमहा येतो. दुसरा मार्ग धरणारी घरे याहून कितीतरी अधिक आहेत. आपल्या ताटात दाखवण्यासारखे काही नाही, या संकोचाने त्यांनी दार लावून घेतले आहे, म्हणून ती आपल्याला दिसत नाहीत.

अशा वेळी मला आपल्याच कोल्हापूरच्या एका राजाचे स्मरण होते. ज्यांच्या मुदपाकखान्याला कशाचीही उणीव नव्हती, त्या राजर्षी छत्रपती शाहू महाराजांकडून आपण काटकसरीचा पाहुणचार शिकावा, हे ऐकून आपणास नवल वाटेल. तरीही त्यांच्या जीवनाकडे या दृष्टीने एकदा पाहावे, अशी माझी विनंती आहे.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. वयाच्या दहाव्या वर्षी, १७ मार्च १८८४ रोजी, ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राजकोट व धारवाड येथे शिक्षण घेऊन २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. त्यानंतर थोड्याच वर्षांत दुष्काळ आणि प्लेग ही दोन संकटे करवीर राज्यावर कोसळली. तरुण राजाने रयतेसाठी स्वस्त धान्याची दुकाने उघडली आणि स्वतः मुलखात फिरून परिस्थिती पाहिली. रिकाम्या पोटाचा अर्थ त्यांना अशा रीतीने राज्याच्या आरंभीच कळला.

पुढे शिक्षणासाठी खेड्यांतून शहरात येणाऱ्या मुलांचा प्रश्न उभा राहिला. मुलगा शाळेत जाईल, परंतु राहील कोठे आणि जेवेल कोठे? सर्व जातींच्या मुलांसाठी म्हणून १८९६ मध्ये एक वसतिगृह निघाले. मात्र पंक्तीच्या आणि सोवळ्याच्या अडचणींमुळे ते एकाच समाजाचे होऊन राहिले. महाराजांनी मग निराळा विचार केला. प्रत्येक समाजाने आपल्या मुलांसाठी वसतिगृह चालवावे. जागा, इमारत व उत्पन्न यांसाठी दरबार साहाय्य करील आणि उरलेला भार समाजाने उचलावा. १९०१ मध्ये मराठा व जैन समाजांची वसतिगृहे उभी राहिली. मुसलमानांमध्ये पुढाकार घेणारे कोणी दिसेना, तेव्हा १९०६ मध्ये महाराजांनी स्वतः समाजातील मंडळींना बोलावले, मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि तिचे अध्यक्षपद आपल्याकडे घेतले. दसरा चौकातील मुस्लिम बोर्डिंग आपण जाता-येता पाहतो. तेथे शिकलेल्या कितीतरी गरीब मुलांच्या पोटात गेलेला घास हा त्या पाहुणचाराचाच भाग आहे. महाराजांनी एका दिवसाची मेजवानी दिली असती, तर ती त्याच रात्री संपली असती.

तरीही अन्न पुरवण्याहून कठीण असे एक काम उरले होते. ज्याच्या हातचे कोणी घेत नाही, त्याच्या हातचे घेणे, हे ते काम.

गंगाराम कांबळे हे महाराजांच्या चाकरीत होते. महाराज परगावी असताना, पाण्याच्या हौदाला शिवल्याच्या आरोपावरून त्यांना तथाकथित वरच्या जातीच्या नोकरांनी बेदम मारहाण केली. परत आल्यावर महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले. मात्र शासनाने अपमान धुऊन निघत नाही, हे ते जाणून होते. त्यांनी गंगारामांना चाकरीतून मोकळे केले आणि स्वतंत्र धंदा करण्यास साहाय्य दिले. गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचे दुकान काढले व त्याला ‘सत्यसुधारक’ असे नाव दिले.

दुकान स्वच्छ होते, चहा चांगला होता. गिऱ्हाईक मात्र फिरकत नव्हते. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? ही गोष्ट महाराजांच्या कानी गेली. मग ते फिरावयास निघाले की त्यांची गाडी गंगारामांच्या दुकानासमोर थांबू लागली. भर रस्त्यावर, येणारे-जाणारे पाहत असताना, करवीरचे छत्रपती चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या वरिष्ठ जातीच्या मंडळींनाही देत. राजाने घेतलेला पेला नाकारण्याचे धैर्य त्यांच्यापैकी कोणाला होणार? पुढे महाराजांनी गंगारामांना सोडावॉटर तयार करण्याचे यंत्रही घेऊन दिले.

वाचकहो, या पाहुणचारात खर्च किती झाला याचा विचार करा. पाणी, थोडे दूध, साखर आणि चहाची पत्ती. कोल्हापूरच्या दरबारात याहून स्वस्त खाणे-पिणे कधी झाले नसेल. तरी शंभर वर्षांनंतर शहराला आठवतो तो हाच चहा. येथे यजमान होते गंगाराम आणि पाहुणे होते महाराज, हेही ध्यानात घ्या. गरिबाला आपल्या दारी बोलावून जेवू घालणे हे पुण्याचे काम आहेच. पण त्यात देणाऱ्याचा हात वर राहतो. गरिबाच्या दारी जाऊन, त्याने दिलेले आनंदाने घेतले, म्हणजे त्याची मान वर होते.

१९२० च्या मार्च महिन्यात कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. महाराज तेथे स्वतः गेले आणि आंबेडकरांनी आपल्या गावी परतण्यापूर्वी मंडळींसह रजपूतवाडीच्या कॅम्पवर भोजनास यावे, असे निमंत्रण त्यांनी भर सभेत दिले. ज्या काळात सहभोजन म्हणजे जातीबाहेर पडण्याची भीती होती, त्या काळातील ते निमंत्रण होते. पुढे दोनच वर्षांनी, ६ मे १९२२ रोजी, मुंबईत महाराजांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ४७ वर्षांचे होते. त्यांचे पहिले स्मारक कोल्हापुरात नंगीवली चौकात उभे राहिले, आणि ते उभारण्यात पुढाकार घेणारे होते गंगाराम कांबळे. चहाच्या एका पेल्याची अशी परतफेड झाली.

इस्लामची शिकवण जाणणाऱ्यांना यात काहीच परके वाटणार नाही. हजरत सफिया (र.अ.) यांच्याशी विवाह झाला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या वलीम्यात ना रोटी होती ना मांस. चामड्याचे दस्तरख्वान अंथरले गेले. ज्याच्याजवळ जे होते ते त्याने आणले आणि खजूर, वाळवलेले दही व तूप एवढ्यावर वलीमा पार पडला. श्रीमंतांना बोलावून गरिबांना वगळणारा वलीमा हे सर्वांत वाईट जेवण, असे प्रेषितांनी (स.) बजावले. बकऱ्याच्या साध्या खुराचे जरी आमंत्रण आले, तरी ते स्वीकारीन, असेही त्यांनी सांगितले. म्हणजे बोलावणाऱ्याने ऐपतीबाहेर जाऊ नये आणि बोलावलेल्याने पदार्थांकडे पाहून जाण्या-न जाण्याचा निर्णय करू नये. ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी पाळली गेली, तरच गरिबाचे दार उघडे राहते.

म्हणून या लग्नसराईत काही गोष्टी ठरवून टाकू या. वलीम्याला दालचा-भात किंवा एकच सालन ठेवले तरी सुन्नत पूर्ण होते. डेग आणि भांडी जमातीकडून घ्यावीत, जवळच्या नातलगांनी एकेक जिन्नस आणावा, सफिया (र.अ.) यांच्या वलीम्याची रीत हीच आहे. निमंत्रितांची यादी छोटी करायची झाल्यास श्रीमंतांची नावे कमी करावीत. गल्लीतील विधवा, मजूर आणि यतीम यांची नावे शेवटपर्यंत ठेवावीत. एरवी मित्र वा नातलग आले तर चहा-खारी पुरे, उन्हाळ्यात लिंबाचे सरबत पुरे, भाकरीबरोबर जे कालवण शिजले असेल ते पुरे. काही कमी पडले म्हणून पाहुण्यापुढे वारंवार क्षमा मागू नये. त्याने पाहुणाही संकोचतो.

आणखी एक काम आहे, आणि ते आपल्यापैकी ज्यांना अल्लाहने सुस्थितीत ठेवले आहे त्यांचे आहे. ज्या घराने बोलावणे सोडले आहे, त्या घरी एका संध्याकाळी स्वतः होऊन जा. चहा मागून घ्या. साखर कमी असली, पेल्याचा कान तुटलेला असला, तरी समाधानाने प्या, आणि पुढच्या वेळी मुलांनाही बरोबर न्या. भाऊसिंगजी रोडवर महाराजांची गाडी ज्या कामासाठी थांबत होती, ते काम अजून संपलेले नाही.

अल्लाह आपल्या दस्तरख्वानांत बरकत देवो आणि आपली दारे उघडी ठेवो. आमीन.