लायनस पॉलिंग, सिकलसेल आणि तुमची तीन महिन्यांची शुगर

तुमच्या घरात कुणी सिकलसेलचे रुग्ण किंवा वाहक असतील आणि त्यांना डायबेटिसही असेल, तर लायनस पॉलिंग या शास्त्रज्ञाचे काम तुमच्या उपयोगाचे आहे.

पॉलिंग १९०१ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे जन्मले. वडील औषधविक्रेते होते. मुलगा नऊ वर्षांचा असतानाच ते वारले. पॉलिंग मिळेल ते काम करत शिकले आणि कॅलटेकमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले.

१९४५ मध्ये विल्यम कॅसल या डॉक्टरांकडून त्यांनी सिकलसेलबद्दल ऐकले. ऑक्सिजन कमी झाला की या रुग्णांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. दोष आतल्या हिमोग्लोबिनमध्येच असावा, असे पॉलिंग यांच्या मनात आले. हार्वे इटानो आदी सहकाऱ्यांनी हिमोग्लोबिनमधून वीजप्रवाह सोडून पाहिला. सिकलसेलचे हिमोग्लोबिन वेगळ्या गतीने सरकले, कारण त्याचा विद्युतभारच वेगळा होता. वाहकांच्या रक्तात दोन्ही प्रकार सापडले. १९४९ साली हे प्रसिद्ध झाले.

आता तुमचा रिपोर्ट. एचबीए१सी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. पुष्कळ लॅबमधली यंत्रे हिमोग्लोबिन विद्युतभारावरूनच वेगळे करतात, त्यामुळे वेगळे हिमोग्लोबिन आले की काही पद्धतींचा आकडा चुकतो. शिवाय निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेल आजारात १० ते २० दिवसच. साखर चिकटायला वेळच मिळत नाही. शुगर वाढलेली असूनही एचबीए१सी ६ येऊ शकतो आणि घरचे निर्धास्त होतात. सिकलसेल आजार असेल तर या आकड्यावर औषध ठरवू नये. उपाशीपोटीची व जेवणानंतरची शुगर, घरचा ग्लुकोमीटर, गरज पडल्यास फ्रुक्टोसामाइन यांवर भर द्यावा. नुकतेच रक्त चढवले असेल तरीही तेच.

वाहकांनी घाबरू नये. त्यांच्या पेशी साधारण नेहमीइतक्याच जगतात आणि आजच्या बहुतेक पद्धती त्यांच्यात चालतात. तुमच्या लॅबची पद्धत चालते का, एवढे विचारा. रामदासपेठेत विदर्भभरातून पेशंट येतात; सिकलसेलचे कार्ड एका पिशवीत असते, शुगरची फाइल दुसऱ्या. दोन्ही एकाच डॉक्टरांना दाखवा.

पॉलिंग यांना १९५४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. अणुचाचण्यांविरुद्ध लढल्याबद्दल १९६२ चे शांततेचेही मिळाले. रसायनशास्त्राच्या नोबेलआधी सरकारने त्यांचा पासपोर्टही अडवला होता. उतारवयात ते व्हिटॅमिन सी मोठ्या मात्रेत घेत आणि इतरांनाही सांगत. माझ्या मते तिथे ते पुराव्याच्या पुढे गेले. १९९४ मध्ये, ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तुम्हीही व्हिटॅमिन सीचे मोठे डोस घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. काही ग्लुकोमीटर आणि दंडावरचे सेन्सर त्यामुळे शुगर खोटी जास्त दाखवतात.