पेशींना जपणाऱ्या कमलताई

जिवंत पेशी मऊ जेलमध्ये कालवायच्या आणि बारीक सुईतून थरावर थर देत कातडीचा किंवा कूर्चेचा तुकडा घडवायचा, याला बायोप्रिंटिंग म्हणतात. मला तर चकलीचा सोऱ्याच आठवतो. पीठ घट्ट झालं की जोर लावावा लागतो. इथे मात्र जोर जास्त झाला तर पेशीच चिरडतात. त्या कोरड्या पडूनही चालत नाही आणि थर जाड झाला तर आतल्यांना प्राणवायू मिळत नाही. अल्जिनेट नावाचं एक जेल यासाठी खूप वापरतात. ते निघतं तपकिरी समुद्रशेवाळातून. आम्हा मांडवीकरांना ओहोटीला खडकांवर असलं शेवाळ बघायची सवय, पण त्याचं हे मोल कितीजणींना ठाऊक असेल?

शरीराबाहेर पेशी जगवण्याची विद्या आपल्या देशात रुजवली ती एका मराठी बाईने, डॉ. कमल रणदिवे यांनी. त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७चा, पुण्यातला. माहेरच्या त्या समर्थ. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. शाळा हुजूरपागा. मुलीने डॉक्टर व्हावं आणि नवराही डॉक्टरच करावा, अशी वडिलांची इच्छा. कमलताईंनी दोन्ही केलं नाही. १९३९ साली गणित विषयाच्या ज. त्र्यं. रणदिव्यांशी लग्न करून त्या मुंबईला आल्या. एम.एस्सी. झाली त्यानंतर, १९४३ साली आणि पीएच.डी. १९४९ साली. लग्न झालं म्हणजे शिक्षण संपलं, असं मानणाऱ्या घरांनी ही सनावळी जरूर बघावी.

टाटा हॉस्पिटलात डॉ. वसंत खानोलकर त्यांचे गुरू. पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी वाढवायला शिकल्या. याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या कर्करोगाच्या पेशी अखंड वाढत राहिल्या. त्या घेताना तिला कुणी विचारलं नव्हतं, हेही विसरता कामा नये.

कमलताई परत आल्या. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात, १९६०च्या दशकात, त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. काम कसलं, तर तान्ह्या बाळासारखं जपण्याचं! ३७ अंशांची ऊब, वेळच्या वेळी ताजं अन्न, दाटी झाली की दुसऱ्या भांड्यात बिऱ्हाड आणि जंतूंचा वाराही लागू द्यायचा नाही. एवढं सांभाळून त्यांनी स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध अभ्यासला, कुष्ठरोगाच्या जंतूंवरही काम केलं.

१९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन झाली, त्यात पुढाकार त्यांचाच. पुढे संघटनेने वाशीला नोकरदार बायकांसाठी वसतिगृह आणि पाळणाघरही चालवलं. प्रयोगशाळेतल्या बाईला घरच्या बाळाची काळजी कशी पोखरते, हे जाणूनच ना! १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. २००१ साली त्या गेल्या.

आपल्या गावातल्या मुली बारावीला सायन्स घेतात, मार्कही चांगले मिळवतात. मग स्थळ येतं आणि मायक्रोस्कोप मागे पडतो. माझं एवढंच म्हणणं आहे, की पेशीसुद्धा ऊब, अन्न आणि मोकळी जागा मिळाली तरच जगते. मग लेकीची हुशारी आपोआप कशी जगेल? तिलाही जपावंच लागतं, लग्नाआधी आणि लग्नानंतरही.