विश्लेषण : एका दिवसात ध्वनिमुद्रित झालेला जॅझ अल्बम अजरामर कसा ठरला?

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांचा ‘अ लव्ह सुप्रीम’ हा अल्बम ९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीतील स्टुडिओत एकाच दिवसात ध्वनिमुद्रित झाला. त्यामागे मात्र सात वर्षांची धडपड होती.

काम का गेले?
कोल्ट्रेन यांचा जन्म १९२६ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात झाला. बाराव्या वर्षीच वडिलांचे छत्र हरपले. १९५५ मध्ये त्यांना ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ताफ्यात संधी मिळाली. पण हेरॉइनच्या व्यसनापायी १९५७ मध्ये डेव्हिस यांनी त्यांना काढून टाकले. त्याच वर्षी त्यांनी व्यसन सोडले.

साथीला कोण?
१९६० मध्ये कोल्ट्रेन यांनी स्वतःचा चौघांचा ताफा उभारला. पियानोवादक मॅकॉय टायनर तेव्हा अवघे २१ वर्षांचे होते. ड्रम्सवर एल्व्हिन जोन्स आणि पुढे बासवर जिमी गॅरिसन आले.

अल्बममध्ये काय आहे?
व्यसनातून सुटल्याबद्दल देवाचे मानलेले आभार. चार भाग, जेमतेम ३३ मिनिटे. शेवटच्या भागात कोल्ट्रेन यांनी स्वतः लिहिलेली प्रार्थना एकही शब्द न उच्चारता सॅक्सोफोनवर वाजवली आहे.

भारताशी नाते काय?
कोल्ट्रेन यांना भारतीय संगीताची ओढ होती. पंडित रविशंकर यांच्यावरून त्यांनी १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव रवी ठेवले.

१७ जुलै १९६७ रोजी यकृताच्या कर्करोगाने, वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. व्यसन सुटल्यावर त्यांना जेमतेम दहा वर्षे मिळाली. त्यांचे गाजलेले बहुतेक अल्बम याच दहा वर्षांतले आहेत.