डॉ. वाल्देमार हाफकिन ह्यांचे चरित्र

टिटवाळ्याहून मुंबईस जाताना भायखळा स्टेशन लागते. तेथील ग्रांट मेडिकल कॉलेजात इ. स. १८९६ च्या अखेरीस एक यहूदी शास्त्रज्ञ एका खोलीत व तिच्या ओसरीत रात्रंदिवस खपत होते. ते डॉ. हाफकिन होत.

त्यांचा जन्म १८६० साली तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरी झाला. पॅरिस येथे पाश्चर ह्यांच्या संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली, व १८९३ साली ते हिंदुस्थानात आले. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवताच सरकारने त्यांस तेथे पाठविले.

जंतू नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीत. त्यांची ओळख त्यांच्या करणीवरून पटते. आज प्रयोगशाळेत रक्त मिसळलेल्या खाद्यावर जंतू वाढवितात. घसा सुजविणारे काही जंतू विष सोडून रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, व त्यांच्याभोवती स्वच्छ कडे उमटते. प्लेगचा जंतू असे कडे उमटवीत नाही. हाफकिन ह्यांस त्याची निराळी खूण सापडली. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेविले असता त्यांखाली जंतूंची वाढ वडाच्या पारंब्यांप्रमाणे लोंबू लागे. येथील लोकांच्या मनास धक्का लागू नये म्हणून त्यांनी गाईचे वा डुकराचे मांस न घेता बकऱ्याचे घेतले.

हे जंतू उष्णतेने मारून त्यांनी लस सिद्ध केली, व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. ताप व वेदना त्यांनी सोसल्या. मग भायखळ्याच्या तुरुंगातील राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांस ती दिली. लस घेतलेल्यांत प्लेगचे प्रमाण पुष्कळ कमी आढळले.

परंतु १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. हाफकिन ह्यांजवर ठपका आला व त्यांचे पद गेले. एकाच कुपीतील लस बाधली होती, आणि ती गावात उघडताना दूषित झाली असावी, असे पुढे दिसून आले. १९०७ साली रोनाल्ड रॉस आदि शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू जाहीरपणे मांडली व ते दोषमुक्त झाले. ते कलकत्त्यास पुन्हा कामावर रुजू झाले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडात त्यांचा अंत झाला.

बंधुभगिनींनो, जंतूचीही पारख धीराने करावी लागते. मग शेजाऱ्यावर ऐकीव गोष्टीवरून दोष कसा ठेवावा? आणि उपदेशकांनी हेही ध्यानात धरावे की, जे दुसऱ्यास करावयास सांगावयाचे, ते हाफकिन ह्यांनी आधी आपल्या देहावर करून पाहिले.