खाँसाहेबांना तबकडीवर आणणारा नागपूरचा वकील

अफझलगंज (हैदराबाद) : अफझलगंजातून नयापुलावरून मुसी ओलांडली की जुनं शहर लागतं. तिथल्या दायरा मीर मोमिन कब्रस्तानात उस्ताद बडे गुलाम अली खाँ यांची कबर आहे. १९६८ साली हैदराबादेतच त्यांचं निधन झालं. खाँसाहेब गेले, गाणं मात्र तबकड्यांवर राहिलं. ते ज्यांच्या खटपटीमुळे राहिलं, त्यात एक मराठी नाव घ्यावंच लागतं, ते म्हणजे जी. एन. जोशी.

जोशींचा जन्म १९०९ चा. नागपूरकडचा हा तरुण शिकला वकिली, पण जीव गाण्यात. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता त्यांनी चाल लावून गायली आणि १९३० नंतरच्या काळात ती तबकडी घरोघरी वाजली. मराठी भावगीताची सुरुवात सांगताना आजही जाणकार तिथूनच सांगतात.

१९३८ मध्ये ते मुंबईत एचएमव्ही कंपनीत रुजू झाले. वकिली सुटली ती कायमची. आता गायचं कमी आणि दुसऱ्यांना गाववायचं जास्त. काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. कंपनीला खप हवा, कारण तबकडी विकली गेली नाही तर माल पडून राहणार. गवयाला मान हवा आणि वेळ हवा. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. तासभर राग मांडणारा गवई त्यात कसा मावणार? कित्येक मोठे कलाकार म्हणूनच तबकडीला नाखूष असत. त्यांच्या घरी जायचं, मर्जी सांभाळायची, रुसवे काढायचे आणि शेवटी स्टुडिओत आणायचं, हे जोशींनी वर्षानुवर्षं केलं. स्वतः गायक असल्यामुळे कलाकार कुठे अडतो ते त्यांना कळायचं.

पुढे लाँग प्ले तबकडी आली. एका बाजूला वीसेक मिनिटं मिळू लागली आणि रागाला श्वास घ्यायला जागा झाली. बडे गुलाम अली खाँ, अमीर खाँ, बिस्मिल्ला खाँ अशा दिग्गजांचं ध्वनिमुद्रण जोशींनी केलं. १९६७ मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार एकत्र आणून 'कॉल ऑफ द व्हॅली' निघाली, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या मेंढपाळाचा एक दिवस सुरांत मांडणारी ही तबकडी. तेव्हा तिघंही तरुण होते, संतूर तर मैफलीत नवखंच. म्हणजे कंपनीच्या हिशेबात धोकाच. पण ती देशात खपली आणि परदेशातही गाजली.

निवृत्तीनंतर जोशींनी आठवणी लिहिल्या, मराठीत आणि इंग्रजीतही. १९९४ मध्ये ते गेले. तबकडीवर गवयाचं नाव ठळक छापतात, त्याला स्टुडिओपर्यंत आणणाऱ्याचं सहसा नाही. म्हणून पुढच्या वेळी कुठे खाँसाहेबांची ठुमरी कानावर आली, तर नागपूरच्या या वकिलालाही आठवायला हरकत नाही.