सी. डी. देशमुख: जगासमोर भारताचा हिशोब मांडणारा रोह्याचा संस्कृत पंडित

२०२३ मध्ये भारताकडे जी-२० चं अध्यक्षपद होतं, तेव्हा परिषदेचं बोधवाक्य संस्कृतमधून निवडलं गेलं. त्याआधी २०१४ मध्ये भारताच्याच प्रस्तावावर संयुक्त राष्ट्रांनी २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून जाहीर केला. मोठी होत चाललेली सत्ता परराष्ट्र धोरणात आपली संस्कृती पुढे करते, हे आता नेहमीचं झालंय.

पण नुसत्या संस्कृतीच्या जोरावर जग आपलं ऐकतं का? हा प्रश्न भारत स्वतंत्रही नव्हता तेव्हापासूनचा आहे. त्याचं उत्तर शोधताना रायगड जिल्ह्यातल्या एका माणसाचं आयुष्य समजून घ्यावं लागतं. ते म्हणजे चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख, अर्थात सी. डी. देशमुख.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, ही त्यांची ओळख स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत सापडते. गोष्ट मात्र त्याहून मोठी आहे.

लेखणी आणि हिशोबाचं घर

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावातला. वडील वकील होते आणि घर रोह्याचं. पेण, रोहा, महाड हा सगळा भाग तेव्हा कुलाबा जिल्ह्यात येत होता. जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळालं.

देशमुख कुटुंब चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातलं. या समाजात पिढ्यान्‌पिढ्या लेखणी आणि दप्तर सांभाळण्याची परंपरा होती. पूर्वी देशमुखी म्हणजेच परगण्याच्या महसुलाची जबाबदारी असायची.

१९१२ मध्ये चिंतामणराव मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजमध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकलं. १९१८ मध्ये लंडनला झालेल्या आयसीएस परीक्षेतही ते पहिले आले.

नोकरी इंग्रज सरकारची असली, तरी संस्कृत सुटलं नाही. त्यांनी कालिदासाच्या मेघदूताचा मराठीत पद्य अनुवाद केला, स्वतः संस्कृतमध्ये कविता लिहिल्या आणि गांधीजींचे विचार संस्कृत श्लोकांत आणले.

ब्रेटन वूड्समध्ये नेमकं काय झालं?

११ ऑगस्ट १९४३ रोजी देशमुख रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. दुसरं महायुद्ध सुरू होतं आणि बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मरत होती.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वूड्स इथे ४४ देशांची परिषद भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या दोन्ही संस्था तिथे ठरल्या. भारत पारतंत्र्यात असूनही त्याचं स्वतंत्र शिष्टमंडळ तिथे होतं. त्याचे प्रमुख जेरेमी रेझमन हे ब्रिटिश अधिकारी होते, पण देशमुख, आर. के. षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ हे भारतीय सदस्यही त्यात होते.

त्यांचा मोठा मुद्दा होता ब्रिटनकडच्या उधारीचा. युद्धासाठी ब्रिटन भारतातून माल आणि सेवा घेत होता. त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडांत जमा व्हायचे आणि त्याबदल्यात इथे रिझर्व्ह बँक रुपये छापायची. बाजारात पैसा वाढला, माल मात्र युद्धाकडे गेला. महागाईचा फटका सामान्य माणसाला बसला. युद्ध संपेपर्यंत ही उधारी सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली होती. ज्याच्यावर राज्य करायचं, त्याचाच ब्रिटन कर्जदार झाला होता.

या रकमेचा काही भाग तरी नव्या नाणेनिधीमार्फत मोकळा व्हावा, असं भारताचं म्हणणं होतं. ते मान्य झालं नाही. हा दोन देशांमधला प्रश्न आहे, अशी भूमिका ब्रिटनच्या बाजूने अर्थतज्ज्ञ केन्स यांनी घेतली. पुढे १९४७ पासून झालेल्या करारांमधून ही रक्कम टप्प्याटप्प्याने मिळत गेली.

दुसरा मुद्दा भारताच्या वाट्याचा होता. नाणेनिधीत चीनला ५५ कोटी, फ्रान्सला ४५ कोटी आणि भारताला ४० कोटी डॉलरचा कोटा मिळाला. म्हणजे भारत सहावा. नंतर सोव्हिएत संघ निधीत आलाच नाही, त्यामुळे भारत पहिल्या पाचांत पोहोचला आणि कार्यकारी मंडळावर स्वतःचा संचालक नेमण्याचा हक्क त्याला मिळाला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. भारताची बाजू तिथे प्राचीन वैभवाच्या दाखल्यांवर उभी नव्हती. ती उभी होती लोकसंख्या, व्यापार आणि थकीत रकमेच्या आकड्यांवर. देशमुखांनी घरच्या परंपरेतून जगापुढे नेलं असेल, तर ते हिशोबाचं वळण.

कुलाब्याचे खासदार, देशाचे अर्थमंत्री

१९४९ मध्ये नेहरूंनी त्यांना अमेरिका आणि युरोपसाठी भारताचे खास आर्थिक प्रतिनिधी म्हणून नेमलं. अमेरिकेकडून गहू मिळवण्याची सुरुवातीची बोलणी त्यांनीच केली. १९५० मध्ये ते देशाचे अर्थमंत्री झाले आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाब्यातून लोकसभेवर निवडून गेले.

१९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करण्याचा निर्णय पुढे आला. मुंबईत आंदोलकांवर गोळीबार झाला. देशमुखांनी त्याच्या न्यायालयीन चौकशीची मागणी केली होती. जुलै १९५६ मध्ये लोकसभेत निवेदन करून ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. या निर्णयात मंत्रिमंडळाला विश्वासात घेतलं गेलं नाही, हाही त्यांचा आक्षेप होता. जगात देशाची बाजू मांडणाऱ्या माणसाने आपल्या भाषेच्या राज्यासाठी देशाची तिजोरी सोडली.

संस्कृतीसाठी घर

देशमुखांच्या आयुष्यात संस्कृती आणि परराष्ट्र संबंध थेट एकत्र आले ते यानंतर. वेगवेगळ्या देशांतल्या विचारवंतांना भेटता, राहता आणि बोलता येईल अशी जागा दिल्लीत असावी, ही कल्पना १९५८ च्या सुमारास पुढे आली. अमेरिकेतले जॉन डी. रॉकफेलर तिसरे यांनी त्यात रस घेतला. टोकियोतलं इंटरनॅशनल हाऊस हा नमुना समोर होता. त्यातून इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभं राहिलं आणि देशमुख त्याचे संस्थापक अध्यक्ष झाले.

३० नोव्हेंबर १९६० रोजी जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांनी कोनशिला बसवली. जानेवारी १९६२ मध्ये लोदी गार्डनशेजारी सेंटर सुरू झालं. हे सरकारी खातं नव्हतं. परदेशी पाहुण्याला भारत किती थोर आहे हे ऐकवण्यापेक्षा, त्याला इथल्या माणसांशी मोकळेपणाने वाद घालता यावा, अशी ही जागा होती. तिथलं सभागृह आज देशमुखांच्या नावाने ओळखलं जातं.

पेणचा समकालीन

याच जिल्ह्यातल्या पेण तालुक्यात, गागोदे गावात, देशमुखांच्या चार महिने आधी विनोबा भावे जन्मले. तेही संस्कृतचे जाणकार. त्यांनी दुसरी वाट धरली. भूदानासाठी देशभर पायी फिरताना त्यांनी जय जगत ही घोषणा दिली. विनोबांना १९५८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि देशमुखांना १९५९ मध्ये. १९८२ मध्ये २ ऑक्टोबरला देशमुख गेले आणि १५ नोव्हेंबरला विनोबा. एकाने माणसाच्या मनाला साद घातली, दुसऱ्याने संस्था उभ्या केल्या.

मग आजच्या भारतासाठी यात काय आहे?

संस्कृत वचनं आणि योग यामुळे जगात भारताची ओळख वाढते, यात शंका नाही. पण ब्रेटन वूड्समध्ये मिळालेलं स्थान आकड्यांनी मिळवलं होतं, आणि दिल्लीत टिकलेला संवाद एका मोकळ्या घरामुळे टिकला. संस्कृती दार उघडू शकते. आत गेल्यावर आपलं म्हणणं ऐकलं जातं ते तयारीमुळे आणि दुसऱ्याचं ऐकून घेण्याच्या सवयीमुळे. देशमुखांकडे या दोन्ही गोष्टी होत्या, म्हणूनच त्यांच्या संस्कृतला जगापुढे वजन आलं.